एक पूर्णांक आठ मीटर

जानेवारी ते जून, असे जवळजवळ सहा महिने आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एकच आकडा: १.८. घरी येणारं कुणीतरी हटकून विचारायचं, हे काय? मी सांगायचे, समुद्राचं पाणी एवढ्याच्या खाली असेल तरच ओवेन पॉइंटला किनाऱ्याने वळसा घालता येतो. ऐकणाऱ्याला त्यातून फारसा बोध होत नसे. सुरुवातीला मलाही झाला नव्हता.

कॅनडाच्या पश्चिमेला व्हँकूव्हर बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरून, पॅसिफिक रिम नॅशनल पार्क रिझर्व्हमधून, वेस्ट कोस्ट ट्रेल नावाची ७५ किलोमीटरची पायवाट जाते. उत्तरेला पचीना बे, दक्षिणेला गॉर्डन नदी. मे ते सप्टेंबर एवढेच पाच महिने ती खुली असते. वाटेत शंभराहून अधिक शिड्या आहेत. नद्या ओलांडायला तारेवर लटकलेले पाळणे आहेत, चिखल आहे, घसरडे ओंडके आहेत, आणि अधूनमधून पाय सुखावणारी वाळूसुद्धा आहे. माणसं साधारण सहा ते आठ दिवस घेतात. दक्षिणेकडच्या काही पट्ट्यांत तासाला एक किलोमीटर झाला तरी बरा म्हणतात.

जानेवारीतल्या एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, परवाना मिळाला. जूनचा तिसरा आठवडा. आता मागे नाही सरायचं हं." मी मोठ्या आवाजात हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला.

ती वाट आम्ही चाललो. त्या चालण्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन. आज मला त्या आधीच्या सहा महिन्यांबद्दल लिहायचंय. आयुष्यातली भीती कशी हाताळायची याचं माझं बरंचसं शिक्षण तेव्हाच झालं.

पहिले काही आठवडे मला नुसती भीती वाटायची. कशाची, ते सांगता यायचं नाही. त्यात अस्वलं होती, पाऊस होता, माझे गुडघे होते, सत्तेचाळीस वर्षांचं वय होतं, रात्रीचा काळोख होता. सगळं एकमेकांत कालवलेलं. अशा भीतीचं करायचं काय? ती तयारीही करू देत नाही आणि नाहीही म्हणू देत नाही. मग मी ती वाट कुणी आणि का बांधली ते वाचायला घेतलं, आणि 'व्हॅलेन्सिया'पाशी येऊन थांबले.

'व्हॅलेन्सिया' ही प्रवासी आगबोट. जानेवारी १९०६ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोहून व्हिक्टोरिया आणि सिअ‍ॅटलकडे निघाली होती. हवा खराब होती, धड काही दिसत नव्हतं. या दोन्ही बंदरांकडे जायला जिथून आत वळायचं, त्या हुआन डी फुका सामुद्रधुनीचं तोंड तिला सापडलंच नाही. ती पुढे निघून गेली आणि २२ जानेवारीच्या रात्री पचीना पॉइंटच्या जवळ खडकावर चढली. किनारा अगदी जवळ होता. लोकांना कडे दिसत होते, झाडं दिसत होती. तरी त्या लाटांतून तिथवर पोचणं बहुतेकांना जमलं नाही. मदतीला आलेली जहाजं फुटत्या लाटांमुळे जवळ येऊ शकली नाहीत. शंभराहून जास्त माणसं गेली. सदतीस वाचली, आणि त्यांत एकही बाई नव्हती, एकही मूल नव्हतं.

त्यातला एक तपशील माझ्या मनातून आजही जात नाही. जहाजावर दोर फेकणारी एक छोटी तोफ होती. तिने डागलेला दोर कड्याच्या माथ्यापर्यंत पोचला होता. वर कुणी तो धरून झाडाला बांधला असता, तर त्या दोरावरून माणसं एकेक करून उतरवता आली असती. पण वर कुणी नव्हतं. काही माणसं कशीबशी किनाऱ्याला लागली होती, पण ती मदत शोधायला तारायंत्राच्या तारेच्या कडेकडेने दुसरीकडे निघून गेली होती. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. ओलेचिंब, अर्धमेले, अनोळखी रानात अडकलेले जीव ते. जिकडे माणूस भेटेल असं वाटलं तिकडे गेले.

या दुर्घटनेनंतर कॅनडा सरकारने पचीना पॉइंटला दीपगृह उभारलं, आणि जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्यांना चालत सुटता यावं, त्यांच्यापर्यंत मदत पोचावी, म्हणून तारेच्या त्या जुन्या वाटेची जीवरक्षक वाट केली. मध्ये निवारे बांधले, त्यांत टेलिफोन ठेवले. आज ज्या मातीवर लोक हौसेने चालतात, ती माती मुळात बुडणाऱ्यांसाठी तुडवलेली आहे. त्याही कितीतरी आधीपासून हू-आय-आट, डिटिडाट आणि पचीडाट या लोकांच्या पाऊलवाटा आणि होड्यांचे मार्ग या किनाऱ्यावर होतेच. आजही ही वाट त्यांच्याच भूमीतून जाते. निटिनाट सरोवर जिथे समुद्राला मिळतं, त्या चिंचोळ्या मुखाशी पाण्याला इतकी ओढ असते की चालत पार होण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे डिटिडाट लोकांची नाव तुम्हाला पलीकडे नेते.

व्हॅलेन्सियाची हकिकत वाचून माझी भीती वाढायला हवी होती. झालं उलटंच. दोर पोचला होता, धरणारं कुणी नव्हतं, हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की संकटालाही सांधे असतात. कुठे काय हवं होतं ते बोट ठेवून सांगता येतं. मी वही काढली. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'कशाची भीती', आणि उजवीकडे, 'नेमकं काय होऊ शकतं'. डाव्या बाजूला 'समुद्र' असा एकच शब्द लिहिला. उजवी बाजू भरायला मला फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने लागले.

भरती-ओहोटी मला माहीत होती, म्हणजे पाणी येतं आणि जातं इतपत. आता कोष्टक हातात घेऊन शिकायला लागले. या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, पण सारख्या उंचीच्या नाहीत. एक भरती मोठी, एक लहान. ओहोटीचंही तसंच. म्हणजे सकाळच्या ओहोटीला मोकळी झालेली वाट संध्याकाळच्या ओहोटीलाही मोकळी होईलच, असं अजिबात धरून चालायचं नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. हे शब्द मी लहानपणापासून ऐकले होते, पण चंद्राकडे बघून उद्याचं चालणं ठरवायची वेळ कधी आली नव्हती. शिवाय चक्र रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. आठ दिवस चालायचं तर आठही दिवसांचं वेळापत्रक वेगळं.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे कळलं तेव्हा तर मी उठून उभीच राहिले. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्याचा अर्थ लख्ख आहे. पहिल्या तासात समुद्र हळूहळू चढताना बघून जो 'अजून वेळ आहे' असं म्हणत खडकावर बसेल, त्याला पुढच्या दोन तासांनी गाठलंच म्हणून समजा.

ओवेन पॉइंट दक्षिण टोकाकडे आहे. तिथे वाळू नाही, घराएवढ्या शिळा आहेत, आणि कड्याच्या पायथ्याला समुद्राने कोरलेली गुहा आहे. पाणी १.८ मीटरच्या खाली असेल तर वळसा घालायचा, नाहीतर रानातल्या वाटेने जायचं. आणखीही एक गोष्ट उजव्या बाजूला लिहिली गेली, ती म्हणजे सर्ज चॅनल. सपाट कातळात समुद्राने कापलेल्या खोल, अरुंद घळी. काहींची रुंदी बघून वाटतं, एक उडी मारली की पलीकडे. पण कातळ शेवाळलेला, पाठीवर ओझं, आणि खाली दर लाटेला पाणी उसळून वर येतं नि मागे खेचून नेतं. वहीत मी लिहिलं, 'उडी मारायची नाही. वळसा कितीही मोठा असो.' धाकटीने ते वाचलं आणि खाली स्वतःची सही केली. वाटेवर कधी तिचा धीर सुटला किंवा माझा, तर त्या सहीची आठवण द्यायची, असं ठरलं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही सरावासाठी हुआन डी फुका मरीन ट्रेलवर गेलो. ही ४७ किलोमीटरची वाट त्याच बेटावर, दक्षिणेला आहे. नकाशावर काही जागा खुणेने दाखवलेल्या असतात, जिथे भरतीचं पाणी कड्याला टेकतं आणि वाट बंद होते. मी रात्री कोष्टक बघून हिशेब केला होता, अकरा वाजता पाणी पुरेसं उतरेल. बरोबर अकराला आम्ही तिथे हजर. लाटा कड्यावर आपटत होत्या.

मी कोष्टक पुन्हा पाहिलं. तारीख बरोबर, ठिकाण बरोबर. समुद्र चुकला की छापणारा चुकला, असा विचार खरोखर माझ्या मनात येऊन गेला. धाकटी वाकून तळाची बारीक ओळ वाचत होती. "ताई, हे प्रमाण वेळेत छापलंय. उन्हाळ्याचा एक तास आपण मिळवायचा असतो." आमची घड्याळं मार्चमध्येच एक तास पुढे गेली होती. कोष्टकातले अकरा म्हणजे आमच्या घड्याळात बारा.

इथवर काही बिघडलं नव्हतं. एक तास ओंडक्यावर बसून राहायचं एवढंच. पण पाणी उतरल्यावर मी तो गेलेला तास भरून काढायच्या मागे लागले. चल चल, उजेडात पोचायला हवं. वाहत आलेल्या ओंडक्यांचा ढीग आम्ही घाईने पार करत होतो, आणि साल निघालेल्या एका ओल्या बुंध्यावर धाकटीचा पाय सटकला. घोटा मुरगळला. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली आणि बुटाची नाडी सैल करायला लागली. तिचा पांढरा पडलेला चेहरा बघून मला जे वाटलं, ते वहीच्या कुठल्याच पानावर नव्हतं. समुद्राने तिला काही केलं नव्हतं. माझ्या घाईने केलं होतं.

आम्ही परतलो. नेहमी चार तासांत होणारं अंतर चालायला पूर्ण दिवस गेला. घोट्याला तीन आठवडे विश्रांती लागली. फोनवर मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "चूक एका तासाची होती ताई. वेस्ट कोस्टवर आपण रोज एक तास जास्तीचा धरू या. कशासाठीच नाही असा." आमच्या पूर्ण आराखड्यातली सगळ्यात मोलाची भर हीच. रोजचा एक तास कशासाठीच नाही. कमी अंतराचे मुक्काम आखले, आणि ओहोटी साधत नसेल तर अख्खा दिवस थांबता यावं म्हणून एका दिवसाचं जेवण जास्त घेतलं.

ते जास्तीचं जेवण वजनात दिसलं. पहिल्यांदा सगळं भरून सॅक काट्यावर ठेवली तर एकोणीस किलो. माझं वजन अठ्ठावन्न. चालणारे सांगतात, ओझं शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास राहू दे. म्हणजे मला साडेचार किलो काढायचे होते. जादा कपडे निघाले, दुसरं भांडं निघालं, पुस्तक निघालं. पुस्तक काढताना जीव हळहळला, खरं सांगते. काय काढायचं नाही, तेही तेवढ्याच काटेकोरपणे ठरवलं. पावसाचा कोट, एक कायम कोरडा राहणारा लोकरी जोड, झोपायची पिशवी, पाणी गाळायचं साधन, प्रथमोपचार. त्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यातही धुकं आणि झड असते. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. थंडीने माणूस दगावायला बर्फ लागत नाही. दहा अंश, वारा आणि ओले कपडे एवढं पुरतं.

गुडघ्यांसाठी मी जवळच्या टेकडीवरच्या पायऱ्या धरल्या. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना घालून मोकळं उतरायचं. चढताना ताकद वाढते, उतरताना गुडघे वाचतात. मे महिन्यात मात्र पाणी न ओतता उतरायला लागले, कारण शिड्या उतरायच्याही होत्याच, आणि तिथे ओझं कुठे ओतणार? शिडीसाठी एकच नियम घोकला. दोन हात नि दोन पाय, चारांतले तीन कायम टेकलेले. एका वेळी एकच हलतं.

दिशेवरून आमचं थोडं वाजलं. धाकटीचं म्हणणं, दक्षिणेकडून सुरुवात करू, अवघड ते आधी उरकू. माझं म्हणणं, उत्तरेकडून. पहिले दिवस सोपे आहेत. शरीर वाटेला रुळेल, सॅक रोज हलकी होईल, आणि शिड्यांच्या मुलखात शिरू तेव्हा पाठीवर निम्मं अन्न असेल. दोन्हींत तथ्य होतं. शेवटी तिच्या घोट्याने कौल दिला. उत्तरेकडून.

बाकीच्या गोष्टी पटापट वहीत बसल्या. अस्वल आणि कूगर (तिकडचं बिबट्यासारखं मोठं रानमांजर) यांच्यासाठी: खाण्याचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, रात्री तंबूत नाही, मुक्कामावरच्या लोखंडी पेटीत. नदी पायी ओलांडताना कमरेचा पट्टा आधीच सोडायचा, म्हणजे पडलोच तर ओझ्याखाली अडकणार नाही. खडकावरचे शिंपले-कालवं खायचे नाहीत. त्यांतलं विष शिजवूनही जात नाही. मोबाइलवर भिस्त नको, बहुतेक ठिकाणी तो लागतच नाही. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घेतलं, पण निरोप पोचला तरी मदत यायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागू शकतो, हेही तिथेच लिहिलं. तोवर आपणच आपले.

मेअखेरीला वहीतलं उजवं पान गच्च भरलं होतं. मी अजूनही घाबरत होते. पण आता कुणी विचारलं असतं, कशाला घाबरतेस, तर मी जागा, तास आणि पाण्याची उंची सांगू शकले असते.

जूनच्या त्या आठवड्यात पचीना बेला पोचलो. वाटेवर पाऊल ठेवण्याआधी पार्कचे कर्मचारी प्रत्येकाला समोर बसवून माहिती देतात, परवाना हातात देतात. त्या वर्गात मी सगळं ऐकलं, बरंचसं ओळखीचं वाटलं. मग त्सुनामीचा विषय निघाला. जमीन हादरली तर कुणाच्या सूचनेची वाट बघायची नाही, सरळ उंचावर जायचं.

हे मी वाचून गेले होते. २६ जानेवारी १७०० च्या रात्री या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. तारीख इतकी नेमकी कळली, कारण त्याची लाट प्रशांत महासागर ओलांडून जपानला गेली आणि तिथल्या दप्तरांत नोंदली गेली. इकडे ती कागदावर नव्हती, लोकांच्या तोंडी होती. हू-आय-आट लोकांच्या परंपरेने सांगितलं जातं की रात्री जमीन हलली, मग समुद्र आला आणि पचीना बेवरचं गाव पूर्ण गेलं. उंचावर राहणारे वाचले. आमचा तंबू त्याच उपसागराच्या काठी लागणार होता.

जेवण लवकर उरकलं. उजेड बराच वेळ रेंगाळतो तिकडे जूनमध्ये. धाकटी म्हणाली, "ताई, चल, वर जायची वाट एकदा चालून बघू." आम्ही तंबूपासून निघून चढावर गेलो, खाली आलो. अंधार पडल्यावर विजेरी न लावता पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा ती पुढे आणि मी तिच्या सॅकच्या पट्ट्याला हात लावून मागे. कुठे मूळ वर आलंय, कुठे वळायचं, पायांना कळायला लागलं होतं. मी पावलं मोजली, दोनशे चौदा.

तंबूत शिरताना मी बूट काढून दाराशी ठेवले. धाकटीने ते बघितले, वाकून उचलले आणि उलटे फिरवून ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला. मग शेजारी तिचेही ठेवले, तसेच.